आठव्या चित्रातली मुलगी

आमच्या प्रकाशनसंस्थेच्या ज्या एका पुस्तकावर मुलांच्या तीन पिढ्या वाढल्या, त्याचे शेवटचे चित्र उलटे छापलेले आहे, ही गोष्ट चाळीस वर्षांत एकाही समीक्षकाच्या ध्यानात आली नाही. पुस्तकावर परिसंवाद झाले, प्रबंध झाले. एका विद्वानांनी तर त्या चित्रातल्या ‘अनंताकडे जाणाऱ्या वाटेवर’ अकरा पाने खर्ची घातली. त्या अकरा पानांची मुद्रिते मीच तपासली आणि मुकाट्याने ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत केली. ती वाट अनंताकडे वगैरे जात नव्हती, ती घरी येत होती. छापखान्यातल्या कोणा गृहस्थाने फिल्म पालथी लावली आणि डावे ते उजवे झाले, एवढाच त्या अनंताचा इतिहास.

ते चित्र माझ्या मावशीने काढले होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कागदाचा पुरवठा करणारे आणि बांधणी करणारे यांच्यामध्ये, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात तिचे नाव आहे. तो टाइप वाढवावा म्हणून मी बावीस वर्षे वरिष्ठांना टिपणे पाठवीत आलो आहे. टिपणांना पोच मिळते, टाइप वाढत नाही.

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तरीही थोडक्यात सांगतो. एका मुलीची हाक वारा उडवून नेतो. हाक नाही म्हणजे कोणाला बोलावता येत नाही, म्हणून ती हाक शोधायला निघते. सात गावे पालथी घालते. प्रत्येक गावात कोणीतरी म्हणते, ‘ही घे तुझी हाक’, आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच कोणाची तरी निघते. अखेर ती हात हलवीत परत फिरते. पुस्तकाची शेवटची दोन वाक्ये अशी आहेत: ‘ती दारात उभी राहिली. हाक मारायच्या आतच दार उघडले.’ दार कोणी उघडले, हे लेखकाने लिहिलेले नाही, आणि पुस्तक निघण्यापूर्वीच ते वारल्यामुळे विचारायलाही कोणी उरले नव्हते.

मावशीने सात गावांची सात चित्रे काढली. सातही चित्रांत मुलगी डावीकडून उजवीकडे चालते, कारण आपली नजर ओळीबरोबर तशीच चालते. उजवीकडे म्हणजे पुढे, दूर. आठव्या चित्रात मात्र तिने मुलीला प्रथमच डावीकडे वळवले. पाठमोरी मुलगी, बगलेत गाठोडे, समोर मिटलेले दार. पान उलटताच वाचणाऱ्याच्या मनाने ‘परतली’ म्हणावे, एवढ्यासाठी आधीच्या सातही चित्रांत ती एकदासुद्धा डावीकडे पाहत नाही. ही योजना त्या पालथ्या फिल्मने एका फटक्यात धुळीला मिळवली. छापलेल्या पुस्तकात मुलगी आठव्यांदाही उजवीकडेच गेली. मावशी पुस्तक घेऊन छापखान्यात गेली तेव्हा तिथला मुख्य म्हणाला, “अहो बाई, मुलगी तीच, दार तेच. पोरांना काय कळतंय?”

पोरांनाच कळले. पुढच्या वर्षी एका मुलाचे पत्र आले. अक्षर वाकडे, प्रश्न सरळ: ‘ती तिच्या घरी गेली का दुसऱ्या कोणाच्या घरी?’ ते पत्र मावशीने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले. अजून तिथेच आहे.

आरशाचे सांगायला हवे. मावशीचे काम ठरावीक पायऱ्यांनी चालते आणि त्यांपैकी एकही ती कधी गाळत नाही. प्रथम मजकूर मोठ्याने वाचायचा, एकदा नव्हे, घरातले सगळे कंटाळेपर्यंत. मग अंगठ्याएवढी सोळा चित्रे काढायची आणि त्यांतली पंधरा फाडायची. उरलेल्या एकावरून पातळ कागदावर मोठे चित्र. त्या कागदाची पाठ शिसाने काळी करून खालच्या जाड कागदावर रेषा उमटवायच्या, मग टाक आणि शाई. शाई वाळायच्या आत चित्र आरशासमोर धरायचे, कारण सरळ पाहताना डोळ्यांना सवयीने न दिसलेली चूक आरशात तत्काळ दिसते. पांढरा रंग तिच्या घरात नाही. जिथे उजेड हवा तिथे ती कागदाला हातच लावत नाही. “उजेड काढता येत नाही,” असे ती म्हणते, “त्याला फक्त जागा सोडता येते.”

आणि या सर्वांवर एक कायदा: समोर असल्याशिवाय काढायचे नाही. कल्पनेने नाही, फोटोवरून नाही. त्यामुळे आमच्या कुटुंबातला एकही अवयव त्या पुस्तकातून सुटलेला नाही. तिसऱ्या गावच्या मेंढपाळाचे गुडघे माझे आहेत. पाचव्या गावातली टेकडी म्हणजे दुपारी सतरंजीवर आडव्या झालेल्या काकांचे, म्हणजे मावशीच्या यजमानांचे, पोट आहे.

“श्वास रोखून धरा जरा,” मावशी म्हणायची.

“टेकडी श्वास घेत नाही का गं?”

“घेते. बोलत नाही मात्र.”

काकांना जाऊन बारा वर्षे झाली. टेकडी आहे.

पाठमोऱ्या मुलीसाठी उभी राहिली होती मावशीची एकुलती एक लेक. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि दिवसभर कलकलाट करी, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. चेहऱ्याला खोटे बोलता येते, पाठीला येत नाही, अशी मावशीची समजूत असल्यामुळे तिला त्या पाठीची घाई नव्हती. आठ दिवस टिटवी घराच्या दाराबाहेर, गाठोडे बगलेत धरून उभी होती, आणि मावशी तिच्या मागे अंगणात स्टूल टाकून बसली होती.

टिटवी पुढे शिकली, दूरच्या देशात नोकरीला लागली, तिथेच राहिली. आधी वर्षाला येई. मग दोन वर्षांनी, मग काकांच्या अंत्यविधीला, आणि त्यानंतर आलेली नाही. मायलेकींचे भांडण झाले होते काय, असे लोक मला विचारतात. झाले असते तर बरे होते. भांडण मिटवता येते. इथे नुसते अंतर पडत गेले, आणि त्याची फिर्याद कोणाकडे करायची हे मला, फिर्यादींत हयात घालवलेल्या माणसालाही, कळलेले नाही.

गेल्या वर्षी संस्थेने या पुस्तकाची मोठ्या आकाराची नवी आवृत्ती काढायचे ठरवले. संस्थापकांचे नातू आता गादीवर आहेत. आम्ही त्यांना नवे साहेब म्हणतो. पहिल्या सात चित्रांचे मूळ कागद मावशीच्या कपाटात सुरक्षित होते. आठव्याचा कागद मात्र छापखाना जागा बदलताना रद्दीत गेला होता. त्यानंतरची प्रत्येक आवृत्ती आधीच्या छापील पानावरूनच निघाली. नकलेची नक्कल होत होत त्या मुलीची पाठ नाहीशी झाली होती आणि तिथे एक काळा डाग उरला होता.

मी सभेत विषय काढला. सांगितले की चित्र मुळात उलटे आहे.

“मग सोपंय,” साहेब म्हणाले. “संगणकावर एक बटण दाबलं की सरळ होतं. करून टाकू?”

मी संध्याकाळी मावशीला तसे सांगितले. चौऱ्याहत्तरीची मावशी टाक धूत होती.

“डाग उलटा केला तर काय होतं रे?”

“उलटा डाग होतो.”

“मग? त्या तुझ्या साहेबांना सांग, मी पुन्हा काढते.” टाक पुसून तिने डबीत ठेवला. “मला एकदा तरी ती घरी येताना छापलेली बघायचीय. एवढं झालं की तुम्ही मला हवं तिथे छापा, बांधणीवाल्याच्या खाली छापा.”

मुदत तीन महिन्यांची मिळाली. पायऱ्या क्रमाने सुरू झाल्या. मजकूर मोठ्याने वाचून झाला, सोळा चित्रे झाली, पंधरा फाटली. उरले ते जुनेच होते: पाठमोरी मुलगी, डावीकडे दार. आता समोर कोणीतरी उभे राहायला हवे होते. शेजारपाजारी सात-आठ वर्षांच्या मुली होत्या. मी दोघींची नावे सुचवली. मावशीने मान हलवली आणि टिटवीला फोन लावला. हात शाईचे असल्यामुळे तो स्पीकरवर होता, म्हणून पुढचे सारे मला ऐकावे लागले.

“टिटवे, चार दिवस ये. जास्त नको.”

“का गं? काही दुखतंय का?”

“दुखत नाही. तुला उभं राहायचंय. आठवं चित्र पुन्हा काढतेय.”

“आई, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. पोरगी सात वर्षांची आहे.”

“पाठ बदलत नाही. रुंदावते, वाकते. वळण तेच राहतं.”

हे चित्रकलेचे तत्त्व होते की आईने काढलेले निमित्त, ते मी विचारले नाही. टिटवी हसली असावी. मग म्हणाली, “माझी कंबर धरते आता. इतका वेळ नाही उभं राहवणार.”

“मधे मधे बसवीन.”

“तेव्हा नाही बसवलंस.”

मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

“आठ दिवस, आई. शाळेतून आले की दप्तर ठेवायचं आणि आपल्याच घराच्या बाहेर उभं राहायचं. दार आतून बंद. मला माहीत होतं की हे चित्र आहे. तरी रोज वाटायचं, आज उघडेल. जरा मान वळवली की मागून तुझा आवाज, ‘वळू नकोस’.”

“मग उघडलं नाही का मी शेवटी?”

“नाही. तुझं संपलं आणि तू कागद घेऊन धावत मागच्या दाराने आत गेलीस, आरशात बघायला. मी तशीच उभी. मला कुणी सांगितलंच नाही की संपलं. अंधार पडायला लागला तेव्हा बाबांनी उघडलं.” मग ती म्हणाली, “रागावून नाही सांगत आहे. पण त्या दाराबाहेर मला पुन्हा उभं नाही राहायचं.”

मावशी म्हणाली, “कंबर शेकत जा,” आणि तिने फोन बंद केला.

पुढच्या आठवड्यात तिने मला उभे केले. मी छपन्न वर्षांचा आहे, टकलाला ऊन लागते आणि माझ्या बगलेत जुन्या चादरींचे गाठोडे होते. गल्लीतून जाणारे येणारे थांबून पाहत. एकाने आत्मीयतेने विचारले, “घराबाहेर काढलं का हो?”

“खांदे पाड,” मागून मावशी म्हणाली. “तक्रार घेऊन आल्यासारखा उभा आहेस.”

“मावशी, मी नेहमी असाच उभा असतो.”

“तेच तर. घरी आलेला माणूस असा उभा राहत नाही.”

“मग कसा राहतो?”

विचारता विचारता मी वळून पाहिले. या वेळी ती ‘वळू नकोस’ म्हणाली नाही. स्टुलावर बसून ती माझ्या अंगावरून दाराकडे पाहत होती. ते दार एका बाजूला खचले आहे. उघडताना जरा उचलून ढकलावे लागते. काकांनी दुरुस्त करायचे म्हणून वीस वर्षे घालवली. आता ते काम माझ्याकडे आले आहे आणि मीही वर्षे घालवीत आहे.

“स्टूल आत घे,” ती म्हणाली.

आत, मिटलेल्या दारासमोर ती दोन दिवस नुसती बसून होती. मी ऑफिसातून येई, चहा ठेवी, विचारी, “काय चाललंय?” दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले.

“या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. सगळी चित्रं मुलीच्या मागून काढली. तिच्या मागे मागे मी सात गावं हिंडले, आठव्यालाही मागेच बसले.” तिने खालच्या फटीकडे बोट दाखवले. दाराखालून दुपारचा उजेड फरशीवर आला होता, हातभर रुंद पट्टा. “बाहेर कुणी उभं राहिलं तर इथे सावली पडते. दिसतं आतल्याला. हाक लागतच नाही.”

पुस्तकाच्या शेवटच्या वाक्याची आजवर एकोणीस वेळा मुद्रिते तपासलेल्या मला ते वाक्य तेव्हा कळले.

तिने सोळा नवी चित्रे काढली, पंधरा फाडली. उरलेल्या चित्रात उजव्या कडेला दार होते आणि डावीकडून कोपरापर्यंतचा एक हात पुढे येऊन कडीवर टेकला होता. येणारी बाहेर उजवीकडे, घर डावीकडे; म्हणजे दिशा अखेर सरळ झाली. समोर असल्याशिवाय काढायचे नाही हा कायदा कायम होता. हात तिचाच, डावा, कारण उजवा कामात गुंतलेला. पाच मिनिटांत डाव्याला कंप सुटे. खाली घ्यायचा, चोळायचा, पुन्हा कडीवर ठेवायचा.

“मी धरू का?” मी एकदा म्हटले. “माझ्या गुडघ्यांना अनुभव आहे.”

“तुझी कुणी वाट बघतंय का पलीकडे? गप चहा कर.”

हात पूर्ण झाला त्या दिवशी तिने खुर्चीत पाठ टेकली आणि म्हणाली, “आठ दिवस झाले बघ.” मी मोजले नव्हते.

चित्र घेऊन आम्ही दोघे संस्थेत गेलो. नव्या साहेबांनी ते लांब धरले, जवळ धरले. हाताचे कौतुक केले, आणि खरेच, उतारवयातल्या हाताच्या शिरा इतक्या मायेने काढलेल्या मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेल्या नाहीत. मग ते म्हणाले, “पण बाई, मुलगी कुठाय?”

“बाहेर.”

“ते कळलं. पण दाराखाली नुसता पांढरा पट्टा आहे. पावलांची सावली टाका ना. दोन फटकारे. नाहीतर पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही.”

“कुणाच्या पावलांची टाकू?”

“मुलीच्या.”

“ती समोर नाही.”

“अहो, कल्पनेने…”

“मी टेकडीसुद्धा कल्पनेने काढली नाही,” मावशी म्हणाली. “आली की काढीन. तोवर जागा सोडलीय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांत माझे मत विचारले जाण्याचा तो तिसरा प्रसंग. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मूळ मजकुरात हाकेच्या आधी दार उघडते. ती पोचल्याचे कळण्याच्याही आधी उघडले, तर त्याला मजकुराची हरकत नाही. उलट चित्र मजकुरापेक्षा एक पाऊल पुढे आहे आणि मुलांना ते समजेल. साहेबांना माझे म्हणणे पटले असे नाही. छपाईची तारीख चार दिवसांवर आली होती, ती पटली.

छापखान्यात मी स्वतः जाऊन उभा राहिलो. यंत्रापाशी पहिला ताव निघाला तेव्हा तो हिसकावून घेऊन दार कोणत्या बाजूला आहे ते पाहिले. उजव्या बाजूला होते. तिथला तरुण यंत्रचालक म्हणाला, “काका, आता नाही होत तसं.” मी त्याला सांगितले की तसे कधीच होत नसते, होईपर्यंत. शेवटच्या पानावर मावशीचे नाव पूर्वीच्याच टायपात होते. त्याविषयी मी नवे टिपण लिहिले आहे.

ताव मी मावशीकडे नेला. तिने प्रथम तो आरशासमोर धरला. आरशात दार डावीकडे गेले, आणि ती कितीतरी वेळ तसेच पाहत राहिली; बहुधा तेच, चाळीस वर्षे पुस्तकांतून हिंडलेले, उलटे जग. मग आरशाकडे पाठ करून तिने ताव सरळ पाहिला. “बरोबर आहे,” म्हणाली. चौकटीत खोचलेले मुलाचे पत्र तिने काढले, झटकले आणि पुन्हा तिथेच खोचले.

टिटवीला एक प्रत टपालाने पाठवली. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. तीन आठवड्यांनी फोन आला. या वेळी मावशीच्या हाताला शाई नव्हती, तरीही तिने तो स्पीकरवर ठेवला. का, ते तिलाच ठाऊक. मी उठू लागलो तर तिने हातानेच बसायला सांगितले.

“आई, पुस्तक आलं.”

“हं.”

“हात तुझा आहे ना? करंगळी ओळखली. सुजलीय.”

“थंडीत सुजते.”

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज. “आणि मी? मी कुठेय यात?”

“अजून पोचली नाहीस,” मावशी म्हणाली.

तिची नजर दाराखालच्या पट्ट्यावर होती.

“दार अजून तेच आहे का गं?” टिटवीने विचारले.

“तेच. तुझ्या दादाने अजून दुरुस्त केलेलं नाही.” मावशीने माझ्याकडे रोखून पाहिले. “बाहेरून जरा उचलून ढकलावं लागतं. लक्षात ठेव. नाहीतर बंदच आहे असं वाटतं.”